टण् झाल्यावर छर्रा जातो कुठे?

कॅडेट, इयत्ता दहावी

आपल्यापैकी बहुतेकांना कागदी टार्गेटवर फायर करायची सवय आहे. पाच राउंड झाले, रायफल खाली केली, उस्तादांचा हुकूम झाला की जाऊन कागद काढून आणायचा आणि भोके मोजायची. तोपर्यंत आपण काय केले ते कळत नाही. झुलत्या पोलादी टार्गेटचे तसे नाही. नेम लागला की टण् असा आवाज येतो, चकती मागे झोका घेते आणि उत्तर तिथल्या तिथे मिळते. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी रायपूरला घरी असे टार्गेट बनवले. ते कसे बनवले, त्याआधी काय चुकले आणि त्याचा रेंजवर किती उपयोग झाला, हे या लेखात सांगतो. हे सगळे फक्त ४.५ मिमीच्या, शिशाचे छर्रे उडवणाऱ्या एअर रायफलसाठी आहे, हे आधीच लक्षात ठेवा.

पहिला प्रयत्न: तवा

आमचे घर तात्यापाऱ्यात आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य छत्तीसगडवर होते तेव्हापासून मराठी माणसे या भागात येत राहिली. आमच्या घरात मराठी आणि रस्त्यावर हिंदी व छत्तीसगढी चालते. घराच्या मागे लांब, अरुंद अंगण आहे. त्याच्या शेवटी दारखिडकी नसलेली जाड विटांची भिंत आहे. अंगणाची लांबी मोजली तर बरोबर साडेअकरा मीटर भरते. एअर रायफलला दहा मीटर लागतात, म्हणून बाबांनी तिथे सराव करायला परवानगी दिली होती. अट एकच होती, घरातले मोठे माणूस हजर पाहिजे.

दिवाळीच्या चार दिवस आधी आईने मला आणि धाकट्या भावाला गोल बाजारात पणत्या, रांगोळी आणि पूजेचे सामान आणायला पाठवले. ज्यांनी तो बाजार पाहिला नाही त्यांना सांगतो, तिथे सरळ चालता येत नाही. एका गल्लीत मसाल्यांचा वास, दुसरीत कापड, तिसरीत भांडी आणि सगळीकडे माणसे. भांड्यांच्या गल्लीत एका दुकानाबाहेर लोखंडी तवे दोरीला टांगले होते. वाऱ्याने ते एकमेकांवर आपटून वाजत होते. तो आवाज ऐकून मला वाटले, आपले टार्गेट मिळाले! मी सगळ्यांत लहान तवा उचलला. दुकानदार काकांनी विचारले, "का बनाबे बाबू, रोटी?" भाऊ म्हणाला, "नहीं काका, दादा इस पर गोली चलाएगा." ते हसले आणि दहा रुपये कमी केले.

घरी आल्यावर मी तवा दोरीने भिंतीसमोर टांगला. त्याची खोलगट बाजू आमच्याकडे होती, कारण तशीच ती टार्गेटसारखी दिसत होती. आजोबा दुपारचे झोपले होते. त्यांना उठवायचे सोडून मी सुरुवात केली. लवकर लागावे म्हणून दहाऐवजी सहा मीटरवर उभा राहिलो. शाळेच्या रेंजवर डोळ्यांना चष्मा लावतो, तो घरी लावला नाही. भाऊ माझ्या बाजूला, एक पाऊल पुढे उभा होता.

पहिला छर्रा तव्याच्या कडेला लागला आणि तवा वाजला. दुसरा मधोमध लागला. त्याच क्षणी भाऊ ओरडला आणि त्याने तोंडावर हात दाबला. हात काढला तेव्हा उजव्या डोळ्याखाली, हाडावर एक बारीक चीर पडली होती आणि रक्ताचा थेंब आला होता. खाली चपटे झालेले शिसे पडले होते. चीर आणि डोळा यांच्यामध्ये माझ्या करंगळीएवढेही अंतर नव्हते.

आईने जखम धुतली, डॉक्टरांकडे नेऊन डोळा तपासून घेतला. डोळ्याला काही झाले नव्हते. घरी आल्यावर ती मला एक शब्दही बोलली नाही. रायफल कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. ती ओरडली असती तर बरे वाटले असते.

आजोबांचा प्रश्न

आमचे आजोबा भिलाई स्टील प्लांटमध्ये फिटर होते. रायपूरहून जवळच असलेला हा कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला. त्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि त्याला लोहखनिज दल्ली-राजहराच्या खाणींतून येते. आजोबांची सगळी नोकरी लोखंडातच गेली.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावले. म्हणाले, "तव्याला छर्रा लागेपर्यंतचा विचार तू केलास. लागल्यावर तो कुठे जाणार, याचा केलास का?" मी गप्प राहिलो. ते म्हणाले, "कागदावर काढून दाखव. पटले तर आईशी मी बोलतो. नाही पटले तर रायफल कपाटात राहील."

पुढचे दोन दिवस मी फटाके सोडून हेच केले. पहिल्यांदा बाथरूममधला छोटा आरसा आणि टॉर्च घेतला. आरसा सरळ धरला तर उजेड परत माझ्या तोंडावर येतो. आरशाची वरची कड माझ्याकडे झुकवली तर उजेड जमिनीवर पडतो. मग गुळगुळीत पळीच्या खोलगट बाजूवर टॉर्च मारला. पळी कशीही फिरवली तरी उजेडाचा कुठला ना कुठला भाग माझ्याकडेच येत होता. तवा म्हणजे मोठी पळीच! खोलगट भांडे छर्ऱ्याला गोळा करून मारणाऱ्याकडे परत पाठवते. भावाला लागले ते असेच.

छर्रा उजेडासारखा तंतोतंत परत फिरत नाही, हेही आजोबांनी समजावले. शिसे मऊ असते. कठीण पोलादावर आपटले की ते नाण्यासारखे चपटे होते. त्याचे बारीक तुकडे चकतीच्या पृष्ठभागाला धरून चहूबाजूंना उडतात आणि उरलेला भाग उसळतो. म्हणजे दोन गोष्टींची व्यवस्था करावी लागते. उसळणारा भाग जमिनीकडे गेला पाहिजे आणि बाजूला उडणारे तुकडे कशात तरी अडकले पाहिजेत.

थोडे गणित

चकती किती मोठी आणि किती जाड घ्यायची, हे नववीत शिकलेल्या गतीच्या नियमांवरून काढता येते. छर्ऱ्याचे वजन सुमारे अर्धा ग्रॅम असते. त्याचा वेग सेकंदाला १५० मीटर धरू. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. तो ०.०७५ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद येतो. छर्रा चकतीवर चपटा होऊन थांबला असे मानले तर हा सगळा संवेग चकतीला मिळतो.

६० मिमी व्यासाची आणि ५ मिमी जाडीची पोलादी चकती साधारण ११० ग्रॅम भरते. ०.०७५ ला ०.११ ने भागले की तिचा वेग सेकंदाला सुमारे ०.६८ मीटर येतो. या वेगाने ती सव्वादोन सेंटीमीटर वर उचलली जाते. आसापासून चकतीच्या मध्यापर्यंत १२ सेंमी अंतर असेल तर झोका तीस-पस्तीस अंशांचा होतो. दहा मीटरवरून तो स्पष्ट दिसतो.

आता ४० मिमी व्यासाची, ३ मिमी जाडीची चकती घ्या. तिचे वजन फक्त ३० ग्रॅम. तिला एवढा वेग मिळतो की ती ३० सेंमी उचलली जाऊ शकते, म्हणजे आसाभोवती पूर्ण गिरकी घेते. उलट १०० मिमीची, ८ मिमी जाड चकती अर्धा किलोची होते आणि जेमतेम आठ अंश हलते. नेम लागला की नाही, अशी शंका येते. म्हणून मी ६० मिमी आणि ५ मिमी हे माप ठरवले.

हीच कल्पना उलट वापरून गोळीचा वेग मोजता येतो. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने गोळी टांगलेल्या लंबकावर मारून, लंबक किती हलतो त्यावरून वेग काढायची रीत १७४२ साली आपल्या पुस्तकात मांडली. आपले झुलते टार्गेट त्याच लंबकाचे छोटे भावंड आहे.

पण मला खरे आश्चर्य ऊर्जेच्या हिशोबाने वाटले. छर्ऱ्याची ऊर्जा साडेपाच जूलच्या आसपास येते. चकतीच्या झोक्यात त्यातली फक्त ०.०२५ जूल जाते, म्हणजे दोनशे भागांतला एक भागही नाही. बाकीची ऊर्जा शिसे चपटे करण्यात, उष्णतेत, आवाजात आणि तुकडे उडवण्यात जाते. आपण झोका बघून खूश होतो, पण तो अगदी किरकोळ भाग आहे. हा आकडा दाखवला तेव्हा आजोबा पहिल्यांदा "हं" म्हणाले. रात्री ते आईशी बोलले.

साहित्य

१. ५ मिमी जाडीच्या साध्या पोलादी प्लेटमधून कापलेल्या ६० मिमी व्यासाच्या दोन चकत्या. एक राखीव.
२. १५ मिमी रुंद, ३ मिमी जाड लोखंडी पट्टी, १० सेंमी.
३. १० मिमी जाडीची, आटे पाडलेली सळई, चार नट आणि वॉशर.
४. सळईवर सैल फिरेल असा ३ सेंमी पाइपचा तुकडा. हा आपला बुश.
५. १२ मिमी प्लायची, समोरून उघडी पेटी. आतून ३० सेंमी रुंद, ४५ सेंमी उंच, ३० सेंमी खोल. सळईची टोके तिच्या बाजूंत बसतात.
६. गोणपाट, जुने कपडे, दोन पोती वाळू.
७. चुना आणि छोटा ब्रश.

गोणपाट, चुना आणि ब्रश पुन्हा गोल बाजारातूनच आणले. प्लेट आणि पट्टी वेल्डिंगच्या दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांतून वजनावर मिळाली. बिडाचे काही वापरू नका. बीड ठिसूळ असते, फुटते. डबा, ताट, तवा असे वाकलेले किंवा खोलगट भांडेही नको.

कृती

पहिली पायरी, चकती. चकती कापणे आणि वेल्डिंग ही कामे दुकानातल्या कारागिराकडून करून घेतली. ती आपण करायची नाहीत. आपले काम कानशीचे. चकतीच्या कडेला धार किंवा वेल्डिंगचे थेंब राहिले तर त्यावर लागलेला छर्रा कुठेही जाऊ शकतो. म्हणून कड बोट फिरवले तरी टोचणार नाही इतकी घासली. समोरची बाजू अगदी सपाट ठेवली.

दुसरी पायरी, झुकाव. सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच. चकती पट्टीच्या सरळ रेषेत न जोडता तिची वरची कड पुढे, मारणाऱ्याच्या बाजूला वीस अंश झुकलेली जोडायची. मी कंपासपेटीतल्या कोनमापकाने जाड पुठ्ठ्याचा वीस अंशांचा त्रिकोण कापला आणि कारागिराला दिला. त्यांनी तो मध्ये धरून चकती टाचली, मग पुठ्ठा काढून पक्के वेल्डिंग केले. पट्टी चकतीच्या मागच्या बाजूला जोडली, म्हणजे वेल्डिंग समोर येत नाही.

वीस अंशच का? आरशाच्या नियमाने वीस अंश झुकलेल्या पृष्ठभागावरून परत येणारी वस्तू चाळीस अंश खाली वळते. आमची चकती जमिनीपासून एक मीटर उंचीवर आहे. त्या हिशोबाने उसळणारे शिसे चकतीपुढे सव्वा मीटरच्या आसपास जमिनीवर पडायला हवे. तिथे मी दोन मीटर लांबीचा जाड गोणपाट अंथरला. पहिल्या दिवशी पन्नास छर्रे झाल्यावर पाहिले तर बहुतेक तुकडे चकतीखाली आणि गोणपाटाच्या पहिल्या मीटरभरात होते. आजोबांनी त्यांची जागा खडूने आखायला लावली.

तिसरी पायरी, आस. पट्टीचे वरचे टोक बुशला जोडले. बुश सळईवर दोन नटांच्या मध्ये बसवला आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन मिमी जागा सोडली. नट आवळून बसवले तर चकती झुलत नाही.

चौथी पायरी, सळईचे संरक्षण. सळई गोल असते. तिच्यावर छर्रा लागला तर तो वर, खाली, कुठेही वळतो. म्हणून सळईच्या आणि पट्टीच्या पुढे लाकडाची जाड फळी ठोकली. मारणाऱ्याला फक्त चकती दिसते. चुकलेला छर्रा लाकडात रुततो.

पाचवी पायरी, पेटी. चकतीच्या पृष्ठभागाला धरून उडणारे तुकडे पेटीच्या बाजूंना अडतात. त्यांना आतून गोणपाट लावला. मागच्या बाजूला जुने कपडे दाबून भरलेले पोते ठेवले. पेटीमागे वाळूची दोन पोती आणि त्यामागे भिंत. पेटी भिंतीला तारेने बांधली, म्हणजे धक्क्याने पुढे पडत नाही.

सहावी पायरी, चुना. चकतीला ब्रशने पातळ चुना लावून वाळवला. छर्रा लागला की पांढऱ्यावर शिशाचा करडा ठिपका उमटतो. पाच शॉट झाले की जाऊन ठिपके पाहायचे, वहीत काढायचे आणि परत चुना लावायचा. यामुळे टण् आवाजाशिवाय शॉट कुठे लागला तेही कळते. हे किती गरजेचे आहे ते पुढे सांगतो.

नियम

हे नियम मी आणि आजोबांनी मिळून लिहिले आणि पेटीच्या झाकणावर चिकटवले.

१. मोठे माणूस हजर नसेल तर रायफल कपाटातून निघणार नाही.
२. मारणारा आणि पाहणारा, दोघांनाही डोळ्यांचे संरक्षक चष्मे. पाहणारा मारणाऱ्याच्या मागे उभा राहील, बाजूला किंवा पुढे नाही.
३. अंतर दहा मीटरपेक्षा कमी करायचे नाही.
४. फक्त शिशाचे मऊ छर्रे. पोलादी गोळ्या अजिबात नाही. त्या चपट्या होत नाहीत, जवळपास तशाच परत येतात.
५. चकती पूर्ण थांबल्याशिवाय पुढचा शॉट नाही.
६. चकतीवर खळगा किंवा वाक दिसला की ती बाद. खळग्यात शिरलेला छर्रा तव्यासारखाच परत फिरतो.
७. पुढे जायच्या आधी रायफल खाली करायची, आजोबांना दाखवायची, खाली ठेवायची.
८. सराव संपला की तुकडे ओल्या फडक्याने उचलायचे, कोरडे झाडायचे नाही. हात साबणाने धुवायचे. शिसे विषारी असते. हात न धुता दिवाळीच्या फराळाला हात लावायचा नाही.

पाचव्या नियमाचे कारण सांगतो. चकती मागे जाते तेव्हा तिचे तोंड आणखी खाली वळते, तोपर्यंत ठीक. पण परत येताना ती तितकीच पुढे येते आणि तिचा वीस अंशांचा झुकाव संपून तोंड थोडे वर होते. त्या क्षणी मारलेला छर्रा आपल्याकडे येऊ शकतो. म्हणून झुलती चकती म्हणजे बंद रेंज, असे समजायचे.

आणखी एक. शाळेतली पॉइंट टू-टू रायफल अशा चकतीवर कधीही नाही. तिच्या गोळीची ऊर्जा एअर रायफलच्या कितीतरी पट असते. तिच्यासाठी खास कडक केलेले पोलाद, मोठे अंतर आणि अधिकृत रेंज लागते. एनसीसीत आपण २५ मीटरवर कागदच वापरतो, ते बरोबर आहे. पालकांच्या माहितीसाठी, ४.५ मिमीपेक्षा मोठ्या नळीच्या किंवा २० जूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या एअर गनला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागतो. परवाना लागत नाही ते खेळणे, असा अर्थ काढू नये. भावाला लागलेला छर्रा विनापरवान्याच्या रायफलचाच होता.

पोलाद काय शिकवते आणि काय नाही

जगात पोलादी टार्गेटचे खेळ आहेत. बायथलॉनमध्ये खेळाडू बर्फावर स्की करत येतात आणि ५० मीटरवरच्या पाच धातूच्या टार्गेटवर नेम धरतात. झोपून मारताना टार्गेट ४५ मिमीचे असते आणि उभ्याने मारताना ११५ मिमीचे. लागले की काळ्याचे पांढरे होते, प्रेक्षकांना लगेच कळते. मेक्सिकोत सुरू झालेल्या एका खेळात कोंबडी, डुक्कर, टर्की आणि मेंढा यांच्या आकाराच्या धातूच्या आकृत्या पाडतात.

पण आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धा कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक टार्गेटवरच असतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, तिथे एका शॉटचे गुण दशांशात मोजत होते. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो. सगळ्यांत बाहेरचे, एक गुणाचे वर्तुळ ४५.५ मिमीचे असते. आता आमची चकती आठवा. ती ६० मिमीची आहे. म्हणजे कागदावर ज्या शॉटला शून्य मिळेल, त्यालाही चकती टण् वाजवून शाबासकी देते!

हे मला सुट्टीनंतर कळले. घरी मी पन्नासपैकी अठ्ठेचाळीस वेळा चकती वाजवत होतो. शाळेत आल्यावर जानेवारीच्या इंटर हाऊस फायरिंगसाठी निवड होती. पहिल्या दिवशी कागदावर शंभरपैकी ७६ आले. सुट्टीआधी माझे ८२ येत होते. मला काही कळेना.

उस्तादांनी माझ्याकडे पाहत दहा शॉट मारायला लावले. मग म्हणाले, "ट्रिगर दबाते ही सिर उठा रहे हो. क्या देख रहे हो?" मी काय पाहत होतो ते मला माहीत होते. चकती झुलते का, ते! ट्रिगर दाबल्यावर छर्रा नळीतून बाहेर पडेपर्यंत रायफल स्थिर राहिली पाहिजे. मी आवाजाच्या ओढीने गालाचा टेकू आधीच सोडत होतो. पोलादाने मला लगेच उत्तर दिले आणि त्याच उत्तराची घाई लावली.

उपाय पाचव्या नियमातच होता. फायर केल्यावर गाल रायफलवर तसाच, डोळा साइटवर तसाच, आणि मनात चकती थांबेपर्यंत मोजायचे. शाळेत चकती नाही, तरी मी तेवढेच मोजतो. दोन आठवड्यांत ८२ वर परत आलो, निवडीच्या दिवशी ८५ आले आणि हाऊसच्या टीममध्ये चौथा नंबर मिळाला. म्हणून माझे मत असे आहे: आठवड्यात चार दिवस कागद आणि एक दिवस पोलाद. चूक कागद दाखवतो. पोलादावर धीर धरायला शिकता येते, पण धीर धरायचा हे आपण ठरवले तरच.

शेवटी

मागच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा भावाच्या डोळ्याखालची खूण पुसट झाली होती. तो आता बारा वर्षांचा आहे. अजून त्याच्या हातात रायफल नाही, पण सरावाचा हिशोब तोच ठेवतो. माझ्या मागे, चष्मा लावून, स्टुलावर बसतो. चकती झुलत असताना मी हलकेच जरी रायफल उचलली तरी ओरडतो, "दादा, बंद रेंज!" आजोबा खुर्चीत बसून ऐकतात. आई अजूनही किल्ली स्वतःच देते आणि स्वतःच परत घेते. तवा मात्र तिने वाया जाऊ दिला नाही. त्यावर दोन छोटे ठसे आहेत, म्हणून पोळी करत नाही. शेंगदाणे भाजायला वापरते.

ज्यांना असे टार्गेट करायचे असेल त्यांनी चकती कापून घ्यायच्या आधी एक कागद घ्यावा. त्यावर मारणारा, चकती आणि जमीन काढावी आणि छर्रा लागल्यानंतरची रेघ ओढावी. ती रेघ कुठल्याही माणसाकडे जात नाही असे घरातल्या मोठ्या माणसाला पटले, की मगच वेल्डिंगच्या दुकानात जावे.

जय हिंद!